चिबडातल्या गाठी

आमच्या गावाला पूल हवा, हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते. ऋत्विकच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा नाला भरून वाहत होता. माझ्या दिरानं, गोविंदानं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून मला पलीकडे नेलं. सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि जानेफळच्या दवाखान्याचा दरवाजा दिसेपर्यंत नाल्याला शिव्या घालत होत्या. तेव्हा मी, पुष्पांजली, पुलाच्या विरोधात होते, असं कुणी म्हणू नये. माझा राग होता तो फक्त तीन नंबरच्या झेंडीवर.

ती झेंडी रोवली होती नाल्याकाठच्या चिबडात. चिबड म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तिथं गुडघाभर पाणी असतं, मग नुसता चिखल, आणि फाल्गुनात सगळं वाळून तडकतं. पीक येत नाही, म्हणून कुणाला तिचं प्रेम नाही. म्हशींना तेवढं आहे. पण श्रावण-भादव्यात त्या पाण्यावर लांबट पानं तरंगायला लागतात, आणि पानांमधून एकेक दांडी वर येते. तिला दोन फाटे फुटतात, दोन्हींवर पांढरी बारीक फुलं दाटीनं बसतात. बगळ्याच्या डोक्यावर तुरा असावा तसं दिसतं ते. गावात त्याला बगळतुराच म्हणतात, म्हणजे ज्यांचं लक्ष जातं ते म्हणतात.

मी मेहकरला वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात मी हा तुरा पहिल्यांदा पाहिला आणि आमच्या सरांना फोटो पाठवले. सर आले, पँट दुमडून पाण्यात उतरले आणि पानं, दांडी, फुलं एकेक करून तपासत राहिले. मग म्हणाले, "हे आपल्या भागात आहे, अशी कुठंच नोंद नाही गं." त्या दिवसापासून ते चिबड मला आपलं वाटायला लागलं. सासरी आल्यावर जी पहिली गोष्ट आपली वाटते, तिच्यावर जीव जरा जास्तच बसतो.

पुलाचं काम मंजूर झालं आणि जमीन तपासायला योगिनी आली. पुलाच्या आधी ठिकठिकाणी भोकं पाडून बघतात, खाली खडक किती खोल आहे, माती किती भार सोसेल. भोक पाडायची प्रत्येक जागा झेंडी रोवून दाखवलेली असते. योगिनी नांदुऱ्याची. वय माझ्याएवढंच. पायात गमबूट, अंगात पुरुषी शर्ट, वेणी हेल्मेटमध्ये कोंबलेली. गावात राहायची सोय नाही, म्हणून माझ्या नवऱ्यानं, जीवननं, तिला आमची पुढची खोली दिली. आली त्या संध्याकाळी ऋत्विकनं तिच्याकडे झेप घेतली तर म्हणाली, "थांब रे बाबू, हात धुऊन येते." आणि खरंच कोपरापर्यंत साबण लावून आली. मला ती तिथंच आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोटो दाखवले. गोविंदा ओसरीवर चहा पीत होता. मशीन चिबडात फसू नये म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून रस्ता करायचा होता.

"वहिनी, एका गवतासाठी काऊन मॅडमचं डोकं खाऊन राह्यल्या?" तो म्हणाला. "मॅडम, आमच्या वहिनीले शिकल्याचा लय तरास हाय."

योगिनी हसली नाही. एकेक फोटो मोठा करून बघत राहिली.

"हे कंदातून येतं का?"

"हो. पाणी आटलं की वरचं सगळं जातं. कंद खाली झोपून राहतात."

"म्हणजे आत्ता आहेत तिथं?"

"असणारच. आणि मुरूम पडला, वरून मशीन गेलं, की संपलं."

"चला," ती म्हणाली. "मला जागा दाखवा."

चिबडात गेलो. मी ऋत्विकला कडेवर घेऊन उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही ओळखेना. पाणी असतं तेव्हा बाभळीची सावली कुठं पडते, म्हशी कुठून उतरतात, यावरून मला सगळं पाठ होतं. आता पुढ्यात नुसती तडकलेली काळी भुई, आणि मधोमध ती लाल झेंडी.

"इथंच कुठंतरी," मी म्हणाले. माझा मलाच राग आला.

"ताई, झेंडी हलवता येत नाही. पुलाचा एक खांब इथं धरलाय," योगिनी म्हणाली. आवाजात कडकपणा नव्हता. "फोटो बघून मी काम बदलू शकत नाही. जागा कळली तर बदलीन. किती भागात आहेत, किती खोल आहेत, एवढं तरी मला पाहिजे."

मुरूम दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी ऋत्विकला जमिनीवर बसवून खुरप्यानं दोन-तीन ठिकाणी उकरलं. ढेकळांशिवाय काही निघालं नाही. ऋत्विकनं तेवढ्यात एक ढेकूळ तोंडात घातलं.

अशातच घमेलं घेऊन चांगुणाकाकू आल्या. त्या आमच्या शेजारच्या. उन्हाळ्याची कामं निघायची वेळ झाली, की कुरडया-शेवयांसाठी अंगणात मोठी चूल घालतात, आणि आमच्या गावात चुलीची माती येते ती चिबडातूनच. या मातीची चूल तडकत नाही म्हणतात.

"काय हरवलं वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काकू. तुम्ही तुमची माती घ्या."

त्या चिबडाच्या खोलगट अंगाला बसल्या, खुरप्यानं वरची पापडी बाजूला केली, खालची ओलसर माती काढली आणि तिथंच बोटांनी चुरायला लागल्या. चुरताना मधूनमधून काहीतरी उचलून त्या परत खड्ड्यात टाकत होत्या. योगिनी त्यांच्याकडे बघत होती. ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काकू, काय टाकून राह्यल्या तुम्ही?" नांदुऱ्याची बोली तिच्या तोंडी अशी मधूनच यायची.

"गाठी हायेत बाई. चुलीत राह्यल्या तं जाळ लागला का फुगतात अन् चूल फुटते."

"आणि खड्ड्यातच काऊन टाकता? बाहेर फेका ना."

चांगुणाकाकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं चहात मीठ का घालत नाही असं कुणी विचारलंय. "चिबडातलं चिबडातच टाका लागते. माह्यी सासू बी टाके."

योगिनीनं हात पुढे केला. काकूंनी तिच्या तळहातावर एक गाठ ठेवली. लसणाच्या पाकळीएवढी, तपकिरी, वर बारीक केसासारख्या मुळ्या. मी नखानं जरा खरवडलं. आत पांढरीशुभ्र.

हेच ते कंद. योगिनी लगेच काकूंकडे वळली. "काकू, या कुठं कुठं निघतात? कुठवर? तुम्ही मला चालून दाखवाल?"

काकू चालल्या. बांधाकडे नाही, बाभळीखाली नाही, या खोलगटात मात्र आहेत, इथून तिथवर. वरची चार बोटं माती सोडली की सुरू, अन् वीतभर खाली गेलं की बंद. योगिनी त्यांच्या मागून चुना टाकत गेली. एवढ्यात मनकर्णाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्याही आल्या आणि दोघींचं भांडण लागलं, की गाठी दगडापर्यंत आहेत की दगडाच्या पलीकडेही. योगिनीनं दोघींच्या म्हणण्याप्रमाणे दोन रेषा काढल्या, दोन्ही ठिकाणी स्वतः खुरप्यानं उकरून बघितलं, आणि एक पुसली. आत्याबाईंची राहिली. त्या दिवसभर खुशीत होत्या.

झेंडी त्या रेषेच्या आत होती. अगदी मधोमध.

योगिनीनं हात न धुताच कंत्राटदाराचं काम बघणाऱ्या उत्तमरावांना फोन लावला. बोटं चिखलाची, म्हणून स्पीकर सुरू. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम, मुरूम कधी पडतो?"

"मुरूम नाही टाकणार, साहेब. ट्रकवरचं मशीनही नको. तिपाईवालं पाठवा, सुटं करून आणता येतं ते."

"अहो, ते चिबड आहे. तिपाईचा पाय खचला तर?"

"तुराट्या आणि फळ्यांचा रस्ता करते."

"तुराट्यांचा?" "हे तुमचं पहिलं स्वतंत्र काम आहे ना? मशीन फसलं तर मी मुरूम टाकून दुसऱ्या माणसाकडून काम करून घेईन. मग मला फोन करू नका."

"चालेल," योगिनी म्हणाली. फोन ठेवून तिनं आमच्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता, पण क्षणभरच. "गोविंदाभाऊ, तुराट्या कुठं मिळतील?"

गोविंदा मानेला हात लावून उभा होता. "दोन ट्रॉल्या मुरमाचं काम," तो म्हणाला, "अन् आता गावभर तुराट्या मागत फिरू का मी? लोक इचारतीन, कोणाच्या घरी मांडव हाय."

"सांगा, बगळतुऱ्याच्या घरी हाय," योगिनी म्हणाली.

तो गेला. संध्याकाळपर्यंत ट्रॉली भरून आणली, शिव्या घालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला योगिनीचं काम नीट बघायला मिळालं. ऋत्विकची झोळी मी बाभळीला बांधली होती. मशीन जिथं बसणार, त्या जागेची वरची वीतभर माती तिनं कापून काढायला घेतली. आदल्या दिवशी पाणी शिंपडून ती मऊ करून ठेवली होती. फावड्यानं चौकोन आखायचा, खालून सरळ कापायचं, दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं. बेसनाच्या वड्या ताटातून काढाव्यात तशा त्या वड्या निघत होत्या, फक्त एकेक उचलताना कंबर मोडत होती. प्रत्येक वडीत ती एक काडी खोचायची, काडीचं टोक नाल्याच्या दिशेला. "जशी निघाली तशीच परत बसली पाहिजे," म्हणायची. सावलीत ओली बारदानं अंथरली होती, त्यावर वड्या ओळीनं ठेवायच्या. आत्याबाई, चांगुणाकाकू आणि मी, आम्ही तिघी तिच्या हाताखाली. कुणी वडी जरा आपटली की ती "हळू, हळू, झोपलेत ते" असं म्हणायची, आणि मला झोळीतल्या माझ्या लेकराची आठवण व्हायची.

दुपारी तिपाई आली. तुराट्यांच्या पेंढ्या, त्यावर फळ्या, त्यावरून माणसांनी एकेक भाग खांद्यावर आणून जोडला. मशीन सुरू झालं. खालून येणारं राखाडी चिखलपाणी चिबडात सांडू नये म्हणून योगिनीनं कापलेले ड्रम लावले होते. भरला की गोविंदा ट्रॉलीतून लांब पडीत जागेवर नेऊन ओतत होता. आता तो शिव्या देत नव्हता, कारण चिखलपाणी बघायला गावातली पोरं जमली होती आणि त्याला पुढारपण मिळालं होतं.

ऋत्विक रडायला लागला म्हणून मी त्याला घेऊन घरी गेले. पाजलं, थोपटलं. परत आले तेव्हा लांबूनच दिसलं, तिपाई एका अंगाला कलली होती. एक फळी सटकून पाय खचला होता. मशीनवाले दोघं ओरडत होते. गोविंदा म्हणत होता, "मॅडम, एक ट्रॉली, एकच ट्रॉली मुरूम टाकू द्या, कोणी पाहून राह्यलं का?"

"मी पाहून राह्यली ना," योगिनी म्हणाली. तिनं मशीन बंद करायला लावलं. स्वतः फळ्यांवर पालथी झोपून खचलेल्या पायाखाली हात घालून चाचपलं. मग पेंढ्या मागवल्या, आडव्या, त्यावर उभ्या, त्यावर आडव्या. सब्बल लावून दोघांनी पाय उचलला, तिनं फळी सरकवली. पाय बसला. तिपाई सरळ झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण गोविंदानं आपल्या रुमालानं तिचं चिखलानं भरलेलं हेल्मेट पुसून तिच्या हातात दिला, आणि मला तेही कमी वाटलं नाही.

मी बाभळीखाली आले.

उन्हात एक जुनं लुगडं अंथरलं होतं. त्यावर ओळीनं गाठी मांडल्या होत्या. धुतलेल्या, स्वच्छ, मुळ्या खुडलेल्या. शेजारी फोडलेल्या वड्यांचा ढीग. एक अख्खी ओळ.

"पाह्य बरं," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "कसं निगुतीनं निवडलं. मॅडम तिकडं मशीनमागं, तू घरी. आम्ही म्हटलं, रिकामं काऊन बसाव? कांद्याच्या बियाण्यासारखं वाळवून माळ्यावर ठेवू. पाऊस पडला का लावून देऊ. मातीत राह्यलं तं किडे लागतात."

"आणि चूल बी घालू या मातीची," चांगुणाकाकू म्हणाल्या. "गाठी तं निघाल्याच हायेत."

मला रडू फुटलं असतं. इतक्या प्रेमानं, इतक्या नीटनेटकेपणानं केलेलं होतं ते. मी एक गाठ उचलली. वरचं साल सुरकुतलं होतं.

योगिनी आली. तिनं लुगड्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि खाली बसली. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडायचा तिला हक्क होता. तिनं विचारलं, "काकू, उन्हात कधीपासून आहेत?"

"आत्ताच टाकल्या. काऊन वं?" आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं. "वाळवाचं नव्हतं का?"

"नव्हतं. पण चूक माझी आहे," योगिनी म्हणाली. "वड्या सांभाळा, एवढंच मी म्हणाले. फोडू नका, हे सांगायचं राहिलं माझ्याकडून."

"मंग मेले का सगळे?"

"माहीत नाही काकू."

खोटं सांगून तिनं त्यांना बरं वाटू दिलं नाही, हे मला त्या वेळी कठोर वाटलं होतं. आज वाटत नाही. ती लगेच उठली, लुगड्याची चारी टोकं धरून गाठी सावलीत आणल्या, बारदानात गुंडाळल्या, ढीग भिजवला. मग आत्याबाईंच्या हातात ओंजळभर गाठी दिल्या.

"लावायच्या तुम्हीच. कांद्याला तुमचा हात बसलेला आहे. माझा नाही बसलेला."

खोलगटाच्या कडेला, मशीनपासून लांब, आत्याबाईंनी ओल्या मातीत वाफा केला आणि एकेक गाठ चार बोटं खाली पुरली. सरळ रेषेत, कांदे लावतात तसे. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या रात्री त्या अर्धीच भाकर खाऊन उठल्या.

योगिनीला खडक लागला दुसऱ्या दिवशी. मातीचे आणि दगडाचे नमुने तिनं लाकडी खोक्यांत ओळीनं मांडले: काळी माती, मग पिवळी, मग मुरूम, आणि पार खाली काळाभोर दगड. ऋत्विकला तिनं तो दगड हात लावून दाखवला. मशीन उठलं, फळ्या निघाल्या, आणि उरलेल्या वड्या काडीचं टोक बघून जिथल्या तिथं बसवल्या. फटींत माती भरली, वरून पाणी शिंपडलं. शेवटी गोविंदानं तुराट्यांची एकेक काडीसुद्धा वेचून नेली. न सांगता.

बाकीच्या झेंड्यांची भोकं झाल्यावर ती निघाली, तेव्हा मी तिला विचारलं, "खांबाचं काय? खांब इथंच येणार ना शेवटी?"

"खडक इथं खूप खोल लागलाय. वरच्या काठावर उथळ आहे. खांब काठावर घ्यावा, असं मी लिहिणार आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "ताई, इथं खडक उथळ लागला असता तर खांब इथंच घ्या, असं लिहिलं असतं. पुलावरून तुमच्यासारख्या बाया दवाखान्यात जाणार आहेत. त्याबद्दल खोटं नाही लिहिता येत."

मी मान हलवली. तिच्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं, ते त्या वाक्यानं कायमचं बसलं.

मृग गेला, आर्द्रा गेली. चिबडात पाणी चढलं. मी रोज जाऊन बघायचे, आणि बरेचदा आत्याबाई माझ्याआधीच तिथं असायच्या. म्हणायच्या, म्हैस शोधाले आली. म्हैस गोठ्यात बांधलेली असायची.

श्रावणात पहिलं पान वर आलं ते वड्यांच्या जागेत. मग दुसरं, मग भराभर. वड्यांच्या फटी तेवढ्या मोकळ्या राहिल्या, त्यामुळे पाण्यावर पानांचे चौकोन दिसायला लागले. आत्याबाईंच्या वाफ्यावर मात्र नुसतं पाणी. त्या काठावर उभ्या राहून वाकून वाकून बघायच्या. पोळ्याच्या सुमाराला एके दिवशी त्यांनी मला हाका मारमारून बोलावलं. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. वाफ्यावर पानं आली होती. सगळीकडे नाही, मध्ये बरीच जागा रिकामी. पण आली होती.

तुरे उभे राहिले तेव्हा मी योगिनीला व्हिडिओ कॉल लावला. ती कुठल्याशा दुसऱ्या कामावर होती, मागं मशीन धडधडत होतं. उत्तमरावांनीच पाठवलं होतं तिला तिथं. काठावरच्या खांबाचंही नक्की झालं होतं, दिवाळीनंतर काम सुरू होणार होतं. मी फोन पाण्यावरून फिरवला. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग आत्याबाईंनी फोन हातात घेतला.

"तुह्या वड्यांतले लय आले," त्या म्हणाल्या. "माह्ये थोडे आले. पण माह्ये सरळ हायेत, पाह्य."

योगिनी इतकी हसली की तिच्या मागचे लोक वळून बघायला लागले. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "काकू, दिवाळीनंतर काठावर ट्रक येतील. वळवताना चिबडात उतरवतील. तिथं कोण उभं राहील?"

"कोण म्हंजे? मी हाय ना वं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, ऋत्विकला माझ्याकडून काढून कडेवर घेतलं आणि कोणत्या बाजूनं ट्रक येऊ शकतो ते बघायला काठाकाठानं पाय जपत निघाल्या.